वाघबंदरचा भाव

कुंडलिकशेठ आमच्या घरी जेवायचा तेव्हा तो शेठ नव्हता. बोरिवलीला रुळांच्या पलीकडे त्याची विटांची एक भट्टी होती, अंगावर कायम लाल धूळ असायची, आणि माझ्या सासूच्या हातचं बोंबलाचं कालवण तो ताट चाटूनपुसून खायचा. "सोनूमावशी, या हाताला एक दिवस सोन्याचं कडं घालीन," म्हणायचा. कडं राहिलं बाजूला, मेल्याने आमच्या पोटावर पाय दिला. त्याचं नाव मी आजही चांगल्या तोंडाने घेत नाही, आणि घ्यावं असं मला वाटतही नाही.

वाघबंदर म्हणजे आमचा कोळीवाडा, बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या काठावर. तरीत बसून पलीकडे गेलं की गोराई. आमची घरं दाटीवाटीची, पण घरांच्या आणि खाडीच्या मधे ऐसपैस मोकळं खळं होतं. त्या खळ्यावर वलांड्या उभ्या असायच्या, म्हणजे खांबांना ताणून बांधलेले दोर. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरावर टाकायची. खाली चटयांवर जवळा, सुकट. दर्यावर पुरुष जात, पण वर्षभर चूल पेटायची ती या खळ्याच्या जिवावर. बोरिवली पूर्वेच्या चाळींमधली कोकणातली गिरणी कामगार मंडळी पावसाळ्याची सगळी बेगमी आमच्याकडून भरत.

जेठात होड्या वर ओढल्या की वलांड्याही उतरायच्या. तिथून नारळी पुनवेपर्यंत खळं रिकामं. आमच्या जमातीची रीत अशी, की या दिवसांत जो मागेल त्याला खळं वापरायला द्यायचं. कुणी गवत रचायचं, कुणी मांडवाचे बांबू ठेवायचं. भाडं नाही, कागद नाही. जमातीच्या पाटलाने "ठेव" म्हटलं की झालं. पुनवेच्या आधी ज्याचं त्याने उचलून न्यायचं, आणि हे कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. पाटील होता माझा सासरा, हरेश्वर. कमी बोलायचा, आणि बोललेला शब्द खाली पडू द्यायचा नाही.

सत्तर सालच्या जेठात कुंडलिक आला. "हरेश्वरकाका, भट्टीवर ओढ्याचं पाणी शिरतंय. माझ्या पक्क्या विटा ठेवू का पावसाळाभर?"

"ठेव की रं," सासरा म्हणाला. "तुना काय इचारायला लागतंय?"

मी चुलीपाशी बसले होते. कुंडलिक हसला, ते हसणं मला काही आवडलं नाही. सासूला मी तसं म्हटलंही. पण नव्या सुनेचं बोलणं कोण मनावर घेतो.

पुनव आली. आम्ही दर्याला नारळ दिला, होड्या पाण्यात लोटल्या, पहिली मासळी आली, आणि विटा जागच्या जागी. "नेईल," सासरा म्हणाला. कुंडलिक आला खरा, पण रेतीच्या गाड्या घेऊन, आणि गाड्यांमागून काटेरी तारेची भेंडोळी. मग मामलेदार कचेरीत चौकशी लागली. तेव्हा आम्हाला कळलं की आमचं खळं कागदोपत्री सरकारी पड जमीन होती, आणि ताबा आपलाच आहे असं सांगून कुंडलिकने ती स्वतःच्या नावे भाडेपट्ट्याने मागितली होती.

साहेबाने सासऱ्याला विचारलं, "विटा ठेवायला तुम्हीच सांगितलं?"

"मीच."

"जागेचा मालक कोण?"

"खल्याला मालक कोनी नाय, सायब. ज्याला गरज त्याचा."

आमच्या जमातीत याहून मोठी गोष्ट कुणी बोलू शकत नव्हतं. सासरा ती अभिमानाने बोलला, छाती पुढे काढून. साहेबाने ती उतरवून घेतली. कुंडलिकच्या वकिलाने सासऱ्याला वाकून नमस्कार केला, आणि सासऱ्याला वाटलं की आपली बाजू पटली. मालक नाही असं आमचा पाटीलच सांगतो म्हटल्यावर आमचं म्हणणं कोण ऐकणार? पट्टा कुंडलिकला मिळाला.

पुढच्या पुनवेला जे घडलं ते मी विसरणार नाही. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ दर्याला द्यायचा मान पाटलाचा. सासऱ्याने सकाळी नवा सदरा घातला, लाल टोपी घातली. किनाऱ्यावर सगळी जमात उभी. त्याने हात पुढे केला आणि नारळ त्याच्या हातावरून पुढे गेला, चंदरच्या हातात. चंदर त्याचा चुलतभाऊ. सासऱ्याने हात मागे घेतला, घरी आला, टोपी खुंटीला लावली, आणि पडवीत खळ्याकडे पाठ करून जाळं विणत बसला. त्या दिवसापासून त्याची बसायची जागा तीच, आणि पाठ खळ्याकडे.

सासू रडली नाही. तारेपलीकडे पाया खणत होते तिकडे बघत ती मला म्हणाली, "कमल, याचा वचपा मी कारीन. कसा त्या मना ठावं नाय. पन कारीन."

खळ्याच्या एका अंगाला दोन इमारती उभ्या राहिल्या, बाकीचं खळं तारेत तसंच मोकळं. नाव काय, तर सागरकुंज. मोठी पाटी लागली, समुद्राचा वारा, शहराच्या गर्दीपासून दूर. ज्या वाऱ्यावर आमचे बोंबील सुकायचे तोच वारा हा आता विकायला निघाला होता. कुंडलिकने फियाट घेतली. आम्हाला तो आता 'हे लोक' म्हणायचा. आम्ही घरांच्या कौलांवर, वाटेच्या कडेला, मिळेल तिथे मासळी वाळवायचो, आणि अर्धी कुजून जायची.

चाळींमध्ये मासळी विकायला मी आणि सासू बरोबर जात असू. तिथल्या एका चाळीत सुगंधा राहायची, आमचं जुनं गिऱ्हाईक. तिचा नवरा दत्ताराम गिरणीत साचेवाला, लाल बावट्याचा कट्टर माणूस. रविवारी चाळीच्या गॅलरीत तो कामगारांचा अभ्यासवर्ग घ्यायचा. एका रविवारी आम्ही पाट्या उतरवल्या तेव्हा वर्ग रंगात आला होता.

"रस्तो कोणी केलो?" दत्ताराम विचारत होता. "आमच्या घामान. पाणी कोणी आणला? आमच्या करातून इला. जमनीन काय केला? ती खंय हलली? थंयच रवली. मालक पण थंयच बसान. आणि वाढललो भाव गेलो तेच्या खिशात. शहर आम्ही बांधूचा आणि आमकाच भायर काढूचा, ह्येका म्हणतत भांडवलशाही."

सुगंधा बोंबील निवडत म्हणाली, "ह्यांचा आयकू नको गो. भात करपलो तरी हे भांडवलशाहीच म्हणतत."

पण सासू ऐकत होती. कमरेवर हात ठेवून ती दारातूनच म्हणाली, "दत्ताराम, जो भाव वर गेला तो खाली पारता येल का रं?"

सगळे वळून बघायला लागले. दत्तारामला असा प्रश्न कुणी विचारला नसावा. तो हसला. "येयत की, वयनी. भाव नुसतो जागेचो नसता, शेजाराचो असता. बाजूक बाग असली तर वर, बाजूक उकिरडो असलो तर खाली."

"बस," सासू म्हणाली. पाटी तशीच अर्धी भरलेली उचलून ती निघाली. वाटेत एवढी झपाझपा चालली की मला धाप लागली.

आता कुटी म्हणजे काय ते सांगायला हवं. जाळ्यात येणारी जी मासळी माणूस खात नाही, ती उन्हात कुजवून वाळवतात, तिचं खत होतं. गोराईचे वाडीवाले ते न्यायचे. तिचा वास आम्हा कोळ्यांनाही सोसवत नाही, मग बाकीच्यांची काय कथा. म्हणून आमची रीत होती की कुटी लांब, बांधापलीकडे घालायची. दुपारी खाडीवरून वारा येतो, त्या वाऱ्याच्या तोंडावर, कुणाच्या घरासमोर, कधी घालायची नाही. ही रीत सासऱ्याच्या आजापासूनची.

तारेच्या आणि खाडीच्या मधे एक चिंचोळी पट्टी उरली होती. तिथे बायकांनी वलांड्या ठोकल्या, आणि वलांड्यांखाली सासूने कुटी पसरायला घेतली, बरोबर सागरकुंजच्या खिडक्यांसमोर.

पडवीतून सासरा पाठमोराच म्हणाला, "सोनू, शेजाऱ्याचे नाकात घान घालनं ही आपली रीत नाय."

"रीतीनंच खाल्लं आपल्याला," सासू म्हणाली. "आता मी तुमची रीत खाते."

तो पुढे बोलला असता तरी ती थांबणार नव्हती, आणि मी तर मुळीच नाही.

दिवाळीनंतर सागरकुंजला गिऱ्हाइकं यायला लागली. रविवारी दुपारी गाड्या लागायच्या, त्यातून साहेबलोक बायकामुलांसह उतरायचे, कुंडलिक पुढे होऊन हात जोडायचा, आणि खाडीवरून वारा सुटायचा. रुमाल नाकाला जायचे. मग आम्ही सगळ्याजणी ठेवणीतली लुगडी नेसून, डोक्यात अबोलीच्या वेण्या माळून, तारेपाशी उभ्या राहायचो आणि गोड हसायचो. एकदा एक बाई नाक दाबून मला म्हणाली, "हा वास रोज असतो का हो?"

"आज कुठे बाई," मी म्हटलं. "आज काहीच नाही. मासळी जोरात असते तेव्हा या. आणि राहायला आलात की कालवण पाठवीन हं, आता शेजारीच होणार आपण."

ती गाडीत जाऊन बसली ती खाली उतरलीच नाही. एवढी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती.

कुंडलिकने पोलीस आणले. हवालदार पट्टीवर उभा राहिला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "यांचा धंदाच हा आहे, मी काय करू?" आणि निघून गेला. मग कुंडलिकने माणसं पाठवून वलांड्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी त्या उभ्या करायला आमच्याबरोबर चाळीतल्या बायकाही आल्या, सुगंधा सगळ्यांच्या पुढे. खळं गेल्यापासून सुकी मासळी महागली होती, दोन पावसाळे त्यांच्या घरांत धड बेगमी नव्हती. "आमच्या तोंडातलो घास काढलो ह्या मेल्यान," म्हणत सुगंधाने पदर खोचला आणि स्वतःच्या हाताने खांब रोवला. कुंडलिकची माणसं लांबून बघत राहिली.

शिमग्यापर्यंत एकही जागा विकली गेली नाही. ज्यांनी आगाऊ पैसे दिले होते ते परत मागायला लागले. सावकार दारात बसले. एका दुपारी कुंडलिक पायी आमच्याकडे आला. फियाट गेली होती. अंगावर पुन्हा धूळ होती, फक्त या वेळी ती रस्त्याची होती.

"मावशी," तो म्हणाला.

सासूने पाट मांडला, ताट वाढलं, बोंबलाचं कालवण वाढलं. "जेव. तुझी भूक मना ठावं हाय."

त्याने ताट बाजूला सरकवलं. "काय हवंय तुम्हाला? दोन खोल्या देतो. दुकानाचा गाळा देतो."

"मना नको. हो पडवीत बसलाय ना, त्याला सांग. काय केलंस त्या समदा सांग."

कुंडलिक पडवीत गेला आणि पाठमोऱ्या सासऱ्याशी बोलायला लागला. चुकलं म्हणाला, लोभ सुटला म्हणाला, पोरंबाळं रस्त्यावर येतील म्हणाला. सासऱ्याचे हात जाळ्यावर चालत राहिले. त्याने मान वळवली नाही. कुंडलिक रडायला लागला तेव्हा मी दाराला टेकून सगळं नीट बघून घेतलं. दया यायला हवी होती म्हणतात. मला नाही आली. मला बरं वाटलं, पोट भरल्यासारखं.

सावकारांना आता त्या इमारती गळ्यातून काढायच्या होत्या. आणि मग जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दत्ताराम धावत आमच्याकडे आला. "वयनी, भाव इतको पडलो, इतको पडलो, की आमच्या हाताक पोचलो!" चाळीतल्या लोकांनी मिळून सहकारी सोसायटी काढली होती. थोडी कर्जं, थोडे दागिने, आणि सागरकुंज गिरणी कामगारांच्या हातात येणार होतं, जमिनीच्या पट्ट्यासकट. "तार काढून टाकतंव. खळा तुमचा. ह्यो माझो शब्द."

"कागद करा," मी म्हटलं.

सासूने माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. "आपले मानसासी कागद? तुना लाज हाय का गो?"

दत्ताराम हसला, आणि कागद राहिला.

पुनवेच्या आधी तार निघाली. विटांचे तुकडे आम्ही आणि चाळीतल्यांनी मिळून उचलले. किनाऱ्यावर चंदरने आपणहून नारळ सासऱ्याच्या हातात ठेवला. घरी आल्यावर सासऱ्याने आपली बैठक उचलली आणि पडवीच्या दुसऱ्या अंगाला मांडली, तोंड खळ्याकडे करून. कुटी पुन्हा बांधापलीकडे गेली. ते त्याने स्वतः उभं राहून करून घेतलं.

ती वर्षं चांगली गेली. सुगंधा दुसऱ्या मजल्यावर राहायला आली. पश्चिमेच्या खिडकीतून ती दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची, मी तीत मासळी टाकायची, ती वर ओढून घ्यायची आणि तिथूनच गप्पा मारायची. दत्तारामचा वर्ग आता गच्चीवर भरायचा. कधी कधी सासूही जाऊन बसायची, आणि दत्ताराम सगळ्यांना सांगायचा, "भाव कसो पाडूचो ता ह्या बायेकडसून शिका."

मग रस्ता पक्का झाला. बस थेट वाघबंदरपर्यंत यायला लागली. आजूबाजूला इमारती उठल्या, आणि लोक बोलायला लागले, सागरकुंजमधल्या एकाने जागा विकली म्हणे, घेतली त्याच्या कितीतरी पटीने. त्यानंतर दत्तारामचा वर्ग बंद पडला. संध्याकाळी गच्चीवर माणसं जमायची, पण बोलणं कुणी किती मागितले आणि कुणी किती दिले याचं. त्या वर्षी सुगंधाची टोपली खाली यायची थांबली. पश्चिमेच्या खिडक्या दुपारी बंद असायच्या. मी एकदा खालून हाक मारली, तर आतून नुसता पडदा हलला.

अठ्ठ्याहत्तर साली, होळीनंतर, दत्ताराम आणि सुगंधा दोघं घरी आली. दत्ताराम आता सोसायटीचा चेअरमन होता, इस्त्रीचा सदरा घालायचा. पाट मांडला तरी तो उभाच राहिला. आणि त्या दिवशी तो आमच्याशी मालवणीत बोलला नाही.

"सोनूबाई, सभासदांनी ठराव केला आहे. खळ्याच्या जागेवर मुलांसाठी बाग आणि गाड्यांसाठी जागा करायची आहे. पट्टा सोसायटीच्या नावावर आहे. पुढच्या महिन्यापासून मासळी तिथे वाळवता येणार नाही."

सासूला पहिल्यांदा कळलंच नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग सुगंधाकडे.

"वास येता गो, सोनूबाय," सुगंधा जमिनीकडे बघत म्हणाली. "तू समजान घे. झीलाचा लगीन ठरताहा, पावणे येतत. आणि... भाव बसता."

"भाव," सासू म्हणाली. "दत्ताराम, भाव वर कोनी नेला रं? तूच सांगायचास ना?"

दत्तारामने खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. उत्तर त्याला पाठ होतं, सगळ्या चाळीला त्यानेच शिकवलं होतं. "ते दिवस वेगळे होते," तो म्हणाला.

"आन् तुझा शब्द?"

"कागदावर काही नाही, सोनूबाई."

कुंडलिकने विटा उचलल्या नाहीत तेव्हा सासूच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आता ती नुसती बसून राहिली. शत्रूवर चिडायची तिला सवय होती. खांद्याला खांदा लावून खांब रोवणाऱ्या बाईवर कसं चिडायचं ते तिला येत नव्हतं. मला मात्र येत होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात पडवीत आवाज झाला.

सासरा उठला होता. जाळं त्याने बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून सरळ झाला, खुंटीवरची लाल टोपी घातली. सुगंधाकडे आणि दत्तारामकडे त्याने बघितलंही नाही.

"कमल," तो मला म्हणाला, "कुटीची पाटी कुठं हाय?"

"बांधावर."

बाईने उचलायची पाटी आमच्यात पुरुष कधी डोक्यावर घेत नाही. हरेश्वर पाटलाने घेतली. बांधापलीकडून तो ती भरून आला, कोळीवाड्यातली सगळी माणसं दारात उभी राहून बघत होती. दुपारचा वारा खाडीवरून सुटला होता. खळ्याच्या मधोमध चालत तो सागरकुंजच्या पश्चिमेच्या भिंतीशी गेला, सुगंधाच्या बंद खिडकीखाली त्याने पाटी उपडी केली, वाकून हाताने कुटी नीट सारखी पसरली, आणि दुसरी पाटी आणायला मागे वळला.